स्वजनांच्या वेगळ्या वाटा

बेंगळुरू नगराच्या आग्नेय भागात कोरमंगला नावाची वसाहत आहे. आज तेथे उंच इमारती, कचेऱ्या व उपाहारगृहे यांची दाटी झाली असली, तरी पूर्वी हे कोटाबाहेरचे एक साधे खेडे होते. या वसाहतीच्या पोटात एका सुनेची समाधी आहे. तिचे नाव लक्ष्मीदेवी. लोक तिला लक्ष्मम्मा म्हणतात. आख्यायिका अशी आहे की, 1537 च्या सुमारास केंपेगौडा बेंगळुरूचा कोट बांधीत असता दक्षिणेकडील वेस उभी राहीना. दिवसा रचलेले दगड रात्री ढासळत. गर्भवतीचा बळी दिल्याखेरीज वेस टिकणार नाही, असे कोणी सांगितले. असे पाप हातून घडू देण्यास केंपेगौडाचे मन धजेना. तेव्हा त्याची सून, जी स्वतः त्या वेळी गर्भवती होती, एका रात्री कोणास न सांगता वेशीपाशी गेली व तिने आपला देह तेथे अर्पण केला. सकाळी वेस उभी होती. शोकाकुल सासऱ्याने तिच्या नावाने कोरमंगला येथे समाधी व देऊळ उभारले.

ही कथा इतिहास म्हणून घ्यावयाची नाही. गडकोटांच्या पायाशी अशा कथा देशभर सांगितल्या जातात. परंतु तिच्यातील प्रश्न खरा आहे. कुटुंबाने व्यक्तीवर किती हक्क सांगावा? आणि व्यक्तीने कुटुंबासाठी स्वतःला किती विसरावे? हा प्रश्न गृहस्थाश्रमी मनुष्याला वेशीच्या पायाशी क्वचितच पडतो. त्याला तो पडतो उंबऱ्याशी, जेव्हा मुलगा दूरदेशी निघतो, भाऊ वाटणी मागतो, किंवा वृद्ध आईबापांपैकी एक मागे राहतो. कोरमंगल्यातच आज कित्येक मराठी घरे अशी आहेत की, मुलगा व सून येथे, आईबाप मिरजेस वा साताऱ्यास, आणि मुलगी साता समुद्रांपलीकडे. रविवारी दूरध्वनीवरून क्षेमकुशल विचारले जाते, आणि फोन ठेवल्यावर दोन्ही टोकांस थोडा वेळ कोणी बोलत नाही. हे कुटुंब एक आहे की तीन?

आपल्या कथावाङ्मयाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या रीतीने फार पूर्वीच सुचविले आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात एका कथेच्या पोटातून दुसरी निघते. एका कथेत जो नायक, तोच दुसरीत वाटेवर भेटलेला पाहुणा होतो. एकीत जिचे दुःख सर्वांत मोठे, तिचा दुसरीत नुसता नामोल्लेख येतो. कुटुंबाचेही असेच असते. प्रत्येक जण आपल्या कथेचा नायक असतो आणि इतरांच्या कथेतील एक पात्र. आपल्याच कथेला संपूर्ण ग्रंथ समजणे, हे गृहकलहाचे एक मोठे कारण होय.

या दृष्टीने पाहता, बेंगळुरूशी निगडित असे एक मराठी घराणे डोळ्यांसमोर येते, की ज्याच्या कथा एकमेकींत गुंतलेल्या असूनही वेगवेगळ्या दिशांनी गेल्या. ते शहाजीराजे भोसले यांचे.

1638 मध्ये आदिलशाही सेनापती रणदुल्लाखान याच्या मोहिमेत बेंगळुरूचा कोट केंपेगौडाच्या वंशजाकडून घेण्यात आला आणि तो मुलूख शहाजीराजांस जहागीर मिळाला. जुन्या मराठी लेखकांच्या लेखणीत या गावाचे नाव 'बेंगरूळ' असे येते. लक्ष्मीदेवीच्या कथेतील ती वेस एका घराण्याने बांधिली आणि शंभर वर्षांनी तिच्या आत दुसरे घराणे नांदू लागले, एवढी नोंद येथे पुरे. शहाजीराजांनी येथे जे वैभव उभारले, त्याचे चित्र जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो 1922 मध्ये संपादून प्रसिद्ध केला. अनेक भाषांचे कवी ज्या सभेत आपापल्या भाषेत बोलतात, अशी ती सभा. एका सरदाराच्या दरबारात एवढ्या भाषा नांदाव्यात, हे पाहून आजच्या बेंगळुरूचा रहिवासीही थोडा चकित होईल.

पण घर? घर दोन ठिकाणी होते. ज्येष्ठ पुत्र संभाजी व दुसरी पत्नी तुकाबाई यांचा मुलगा व्यंकोजी, ज्यास एकोजी असेही म्हणतात, हे पित्याजवळ कर्नाटकात. जिजाबाई व शिवाजी पुण्यास. बाल शिवाजी काही काळ बेंगळुरूस पित्यापाशी राहिला होता, आणि तेथून तो पुण्याकडे पाठविला गेला. त्यानंतर पितापुत्रांचे जीवन दोन दिशांनी वाहू लागले. पुण्याच्या कथेत शहाजीराजे हे दूर असलेले वडील आहेत, तर बेंगळुरूच्या कथेत ते सर्वांचा आधार आहेत. त्यांनी पत्नीला व धाकट्या पुत्राला टाकले, असे कोणी म्हणतात. त्यांनी पुत्राला मोकळी भूमी दिली, असे दुसरे म्हणतात. दोन्ही मते एकाच कथेत उभे राहून दिलेली आहेत. सरदाराची चाकरी त्या काळी जेथे धनी पाठवील तेथे असे. आणि पुण्याची जहागीर सांभाळण्यासाठी विश्वासाचे माणूस तेथे असणे आवश्यक होते. प्रेमाचा अभाव सिद्ध करावयास नुसते अंतर पुरत नाही.

1654 च्या सुमारास संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात पडला. 23 जानेवारी 1664 रोजी शहाजीराजे होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू पावले. त्यांची समाधी आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे. वार्ता पोचली तेव्हा जिजाबाई सहगमनास सिद्ध झाल्या, असे बखरींत सांगितले आहे. ज्या पतीशी अर्धे आयुष्य प्रत्यक्ष सहवास नव्हता, त्याच्या मागे जावयास ही स्त्री निघाली! शिवाजीराजांनी आईला गळामिठी घालून व शपथ घालून परत फिरविले. त्या पुढे दहा वर्षे जगल्या आणि 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक पाहून अकरा दिवसांनी त्यांनी देह ठेवला. कोरमंगल्याच्या लक्ष्मीदेवीला त्या रात्री कोणी मिठी घालून थांबविले नाही. कारण तिने कोणास सांगितलेच नव्हते, असे कथाकार म्हणतो. घरातील माणूस कोणास न सांगता असे निघून जाऊ शकते, याचा विचार मात्र कथाकार करीत नाही.

आता वाटणीकडे येऊ. पित्यामागे कर्नाटकातील सर्व मुलूख व सैन्य व्यंकोजींकडे राहिले. 1675 च्या सुमारास त्यांनी तंजावरही मिळविले. 1677 मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेच्या स्वारीवर निघाले, भागानगरास कुत्बशहाला भेटले, जिंजी घेतली, आणि जुलैमध्ये कोळ्ळिडम नदीच्या तीरी तिरुमळवाडी येथे दोघे भाऊ भेटले. तेरा वर्षे पितृधन एकट्याने भोगलेस, आता अर्धा वाटा दे, असे वडील भावाचे म्हणणे. धाकट्यास ते मान्य होईना. एका रात्री तो छावणीतून निघाला आणि नदी ओलांडून तंजावरास गेला.

येथे धर्मशास्त्र काय म्हणते, हे पाहणे उद्बोधक आहे, कारण तो ग्रंथही याच भूमीतला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विक्रमादित्याच्या आश्रयाने लिहिली. तिच्या मते पितृधनावर पुत्राचा हक्क जन्मानेच उत्पन्न होतो, व पित्यामागे भावांचे भाग समान. या न्यायाने शिवाजीमहाराजांची मागणी यथार्थ ठरते. परंतु तेथेच असेही आहे की, पितृधनास धक्का न लावता पुत्राने स्वतः जे मिळविले त्यात भावांचा भाग नाही. मग तंजावर व्यंकोजींचे स्वार्जित की पित्याच्या सैन्याच्या बळावर मिळविलेले? आणि हाच प्रश्न उलटा विचारला, तर पुण्याची जहागीरही पित्याचीच होती. तिच्यातून उगवलेल्या राज्याचे काय? राज्याला वाटणीचा नियम लावावा की नाही, याविषयी पंडितांत मतभेद होतीलच. पण सामान्य गृहस्थाच्या घरातही हाच पेच रोज उभा असतो. एका मुलाला शिकविण्यात बापाची जमीन गेली, त्या शिक्षणावर तो मुलगा बेंगळुरूस घर घेतो. दुसरा गावी राहून आईचे औषधपाणी पाहतो. पहिल्याचे घर स्वार्जित आहे काय? दुसऱ्याने जी वर्षे दिली ती कोणत्या वहीत मांडावयाची? 2005 च्या कायद्याने मुलींसही जन्मसिद्ध समान हक्क मिळाला, ही न्याय्य गोष्ट झाली. तरी या शेवटच्या प्रश्नाला कोणत्याही कायद्यात कलम नाही.

भाऊ निघून गेल्यावर महाराजांनी कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलूख आपल्याकडे घेतला आणि शहाजीराजांचाच आणखी एक पुत्र संताजी यास जिंजीकडे ठेवून ते परतले. नोव्हेंबर 1677 मध्ये व्यंकोजींनी संताजीवर चाल केली. एकाच पित्याचे दोन पुत्र रणात समोरासमोर! प्रथम संताजीची फौज मागे हटली, आणि मग तिने रात्री छापा घालून जय मिळविला. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला दोन्ही सैन्यांत जे दिसले, काका, मामा, भाऊ, पुत्र, श्वशुर, ते येथे लहान प्रमाणात घडले. फरक इतकाच की, येथे युद्धापूर्वी धनुष्य टाकून बसणारा कोणी नव्हता. विषाद आला तो युद्धानंतर.

तो व्यंकोजींस आला. पराभवानंतर समेट झाला, तरी त्यांचे मन उडाले. त्यांनी अन्नवस्त्राकडे दुर्लक्ष केले, सणवार सोडले, कारभारातून अंग काढले, आणि हे वैराग्य आहे असे ते समजू लागले. ही बातमी रघुनाथपंत हणमंते यांनी कळविल्यावर शिवाजीमहाराजांनी भावाला जे पत्र लिहिले, ते मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आशय असा: पुष्कळ दिवस तुमचे पत्र नाही, मन चिंतेत आहे, तुम्ही उदास होऊन बसला असे ऐकतो, आपल्या वडिलांनी किती संकटे सोसून हे उभारिले ते तुम्ही जवळून पाहिले, असे असता अवेळी वैराग्य धरणे तुम्हांस शोभत नाही, ही कामगिरीची वेळ आहे, वैराग्य उतारवयात करावे, चाकरमाणसांस रिकामे बसवू नये, आम्ही पाठीशी आहोत.

गीतेच्या वाचकाला हे पत्र वाचून अठरावा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. मोहाने नियत कर्म सोडणे हा तामस त्याग. कर्म दुःखदायक आहे म्हणून, देहक्लेशाच्या भयाने सोडणे हा राजस त्याग, आणि त्यास त्यागाचे फळ मिळत नाही. व्यंकोजींचे वैराग्य यांपैकी कोणते, हे सांगणे कठीण नाही. जय मिळाला असता तर हे वैराग्य आले असते काय? हाच एक प्रश्न विचारला म्हणजे पुरे. घराघरांतून ऐकू येणाऱ्या "मला आता कशातच रस नाही, तुमचे तुम्ही पाहा" या उद्गारालाही हीच कसोटी लावावी. त्या वाक्यात विरक्ती फार थोडी व रुसवा फार मोठा असतो.

तथापि न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गीतेत उपदेश करणाऱ्याने रथाचे लगाम हाती घेतले होते. त्याला हस्तिनापुरात भाग नको होता. येथे उपदेश करणारा तोच आहे, ज्याच्या सैन्याने भावाला हरविले. जिंकणाऱ्याने हरलेल्यास "उदास होऊ नको" म्हणावे, यात ऐकणाऱ्याला किती कडवटपणा वाटला असेल! पत्रातील प्रेम खरे नव्हते, असे यातून निघत नाही. मनुष्याच्या प्रेमात हितसंबंध मिसळलेला असतो. तो नसेपर्यंत कोणी प्रेमच करू नये असे ठरविले, तर जगात एकही पत्र लिहिले जाणार नाही. उपदेश निर्मळ हातांतूनच आला पाहिजे असा हट्ट धरणारा बहुधा उपदेश टाळण्याचे निमित्त शोधीत असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पुत्र, पत्नी, घर इत्यादींविषयी दोन शब्द एकापाठोपाठ येतात: असक्ति आणि अनभिष्वंग. मराठीत आणताना दोहोंस 'अनासक्ती' म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण श्रीशंकराचार्यांनी भाष्यात यांतील भेद नेमका दाखविला आहे. सक्ती म्हणजे विषयाविषयीची नुसती प्रीती. अभिष्वंग हा तिचाच एक विशेष, आणि त्याचे लक्षण असे की, दुसऱ्याला मी आपला आत्माच समजतो. तो सुखी तर मी सुखी, तो दुःखी तर मी दुःखी, तो जगला तर मी जगलो, तो मेला तर मी मेलो. हा अर्थ ध्यानात आला म्हणजे अनेक गृहस्थांच्या मनातील एक गैरसमज दूर होईल. मुलाची आठवण येऊ नये, भावाची चिंता वाटू नये, असे गीता म्हणत नाही. दुसऱ्याच्या जीवनात आपले जीवन बुडवून टाकणे आणि मग त्या बुडण्याचे मोल त्याच्याकडे मागणे, एवढेच ती नाकारते. ज्ञानेश्वरांनी याच स्थळी वाटसरू व झाडाची सावली यांचा दृष्टांत दिला आहे. वाटसरू सावलीत बसतो, तिचा गारवा घेतो. सावलीने आपल्याबरोबर चालावे असे तो म्हणत नाही.

मिरजेतील आई कोरमंगल्यातील मुलाला "तू सुखी तर मी सुखी" असे म्हणते, तेव्हा ते वाक्य अमृतासारखे वाटते. पण त्याचा उत्तरार्ध कोणी उच्चारीत नाही: "आणि माझ्या दुःखाचे कारणही तूच." मुलगा तो न उच्चारलेला उत्तरार्ध ऐकतो, म्हणून त्याचे फोन हळूहळू आखूड होत जातात. उलट मुलगाही निर्दोष नसतो. आपल्या दूर जाण्याला तो स्वधर्म म्हणतो, आणि पैसे पाठविले म्हणजे ऋण फिटले असे समजतो. स्वधर्म हा शब्द गीतेने सोयीसाठी दिलेला नाही. ज्याला खरोखर आपले कर्म दूर नेते, त्याच्यावर दूर राहून जे जे करता येईल ते चुकवू न देण्याचा भार अधिकच पडतो. शहाजीराजे पुण्यास आले नाहीत. पण त्यांनी पुण्यास माणसे दिली, जहागीर दिली, कारभारी दिले. व्यंकोजींना लिहिलेल्या पत्रात महाराज त्याच दूरच्या पित्याचे उदाहरण देतात. ज्या भावाने पित्याला रोज पाहिले त्याला, ज्याने फार थोडे पाहिले तो आठवण करून देतो!

लक्ष्मीदेवीविषयी काय म्हणावे? तिच्या अर्पणाला लोक यज्ञ म्हणतात, आणि समाधीपुढे हात जोडले जातात. त्या भक्तीला उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु शंकराचार्यांचे लक्षण हाती घेऊन पाहिले, तर सासरचे यश हेच माझे जीवन, त्याची वेस उभी तर मी उभी, हा अभिष्वंगाचा परमोच्च आणि करुण नमुना आहे असेही म्हणावे लागते. त्यातून तिच्या उदरातील जीवाला कोणी विचारले नव्हते. केंपेगौडाने देऊळ बांधिले ते कृतज्ञतेने की पश्चात्तापाने, हे कथा सांगत नाही, बहुधा दोन्हींनी.

भोसल्यांच्या समेटातही एक सून आहे. व्यंकोजींची पत्नी दीपाबाई हिने पतीला भावाशी तुटू दिले नाही. युद्धानंतर ज्या तडजोडी झाल्या त्यांमागे तिचा समंजसपणा होता. तिने कोणासाठी मरण पत्करले नाही. तिने दोन भावांमध्ये उभे राहून बोलणे चालू ठेवले, आणि ते काम वेस उभी करण्याहून सोपे नव्हते. करारात शिवाजीमहाराजांनी बेंगळुरू व आसपासचा मुलूख या भावजयीस चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. ज्या वेशीसाठी एका सुनेने प्राण दिले असे लोक सांगतात, त्या वेशीच्या आतले नगर अशा रीतीने दुसऱ्या सुनेच्या पदरात आले.

ते फार दिवस राहिले नाही. 1680 मध्ये महाराज गेले. 1687 मध्ये तंजावरकर भोसल्यांनी बेंगळुरू तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांस देण्याचा सौदा केला, मध्येच मोगलांनी ते घेतले, आणि शेवटी ते म्हैसूरकडेच गेले. दोन्ही शाखा पुढे आपापल्या वाटेने चालल्या. पण 1803 मध्ये तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या वंशाचे चरित्र मराठीत शिळेवर कोरविले, तेव्हा बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर, तमिळ देशाच्या मध्यभागी, पुण्याची, बेंगळुरूची आणि तंजावरची कथा पुन्हा एका ओळीत आली. यात्रेकरू आजही त्या भिंतीजवळून जातात. अक्षरे मराठी आहेत हे पाहून एखादा मराठी गृहस्थ थबकतो, आणि बरोबरच्या मुलाला त्यातली नावे वाचून दाखवितो.